हुंड्यापोटी गहाण पडलेल्या बेटांची निवडणूक

लेकीच्या लग्नात हुंड्याला पैसे नाहीत म्हणून बापानं शेत गहाण टाकलं, अशा कहाण्या आपल्याकडे गावोगाव ऐकायला मिळतात. पण हुंड्यापोटी आख्खी बेटंच गहाण टाकणारा बाप कधी ऐकलाय? डेन्मार्क आणि नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन हा तो वधूपिता. १४६८ मध्ये त्याच्या मार्गारेटचं लग्न स्कॉटलंडचा राजा तिसरा जेम्स याच्याशी ठरलं. हुंडा ठरला साठ हजार गिल्डर आणि राजाच्या तिजोरीत खडखडाट! मग पन्नास हजारांपोटी त्यानं ऑर्कनी नावाची बेटं जावयाकडे तारण ठेवली. उरलेले दहा हजारही पुरते जमले नाहीत, तेव्हा पुढच्या वर्षी आठ हजारांपोटी शेजारची शेटलंड बेटं दिली. पैसे कधी आलेच नाहीत. १४७२ मध्ये स्कॉटलंडनं दोन्ही तारणं खिशात टाकली आणि विषय संपवला.

संपवला म्हणजे, असं स्कॉटलंडला वाटलं. साडेपाचशे वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, ऑर्कनीच्या कौन्सिलपुढे एक ठराव आला. लंडन आणि एडिनबरा आम्हाला पुरेसे पैसे देत नाहीत, तेव्हा आमच्यासाठी वेगळ्या प्रकारची राज्यव्यवस्था असू शकते का, याचा अभ्यास करा, असा त्याचा मतितार्थ. ठराव मांडणारे कौन्सिलचे तेव्हाचे नेते जेम्स स्टॉकन यांनी नॉर्वेशी असलेल्या जुन्या नात्याचा उल्लेख केला मात्र, जगभरच्या वर्तमानपत्रांना मथळा मिळाला: ऑर्कनी नॉर्वेच्या घरी परत निघाली! ठराव १५ विरुद्ध ६ मतांनी संमत झाला. पंधरा आणि सहा, एकवीस. झालं, एवढंच कौन्सिल. जगभर गाजावाजा करणाऱ्या या सभागृहात आपल्या एखाद्या मध्यम नगरपालिकेइतकेही सदस्य नाहीत.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला स्क्रॅबस्टर नावाचं बंदर आहे. तिथून फेरीबोटीत बसलं की दीड तासात आपण ऑर्कनीच्या स्ट्रॉमनेस गावात उतरतो. मधला पेंटलंड फर्थचा समुद्र मोठा खवळखोर. ज्यांना बोट लागते त्यांनी पोटात फारसं काही न ठेवता निघावं. वाटेत हॉय बेटाच्या कड्यापुढे समुद्रात एकटाच उभा असलेला १३७ मीटर उंचीचा दगडी सुळका दिसतो, त्याला तिकडे ‘म्हातारबाबा’ म्हणतात. मग बुटके हिरवे डोंगर, दगडी भिंती आणि गायी. झाडं जवळपास नाहीतच. वारा ती उभी राहू देत नाही. जूनमध्ये रात्री साडेदहापर्यंत सूर्य मावळायचं नाव घेत नाही, आणि डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा.

बेटं आहेत सुमारे सत्तर, वस्ती असलेली वीसच्या आसपास, आणि माणसं सगळी मिळून बावीस हजार. सर्वांत मोठ्या बेटाचं नाव चक्क ‘मेनलँड’, म्हणजे मुख्य भूमी! आपण ज्याला मुख्य भूमी समजतो ते स्कॉटलंड इथल्या लोकांच्या लेखी नुसतं ‘दक्षिण’. कोण कुणाच्या काठावर आहे, हे शेवटी उभं कुठं राहता यावर ठरतं ना!

या मेनलँडवर कर्कवॉल हे राजधानीचं गाव. गावाच्या मधोमध लाल आणि पिवळसर दगडाचं सेंट मॅग्नस कॅथीड्रल उभं आहे. ११३७ साली बांधायला घेतलेलं. यात पाहण्यासारखं पुष्कळ आहे, पण मला सर्वांत विलक्षण वाटला तो मालकी हक्क. हे कॅथीड्रल कुठल्याही धर्मपीठाच्या मालकीचं नाही. १४८६ मध्ये त्याच तिसऱ्या जेम्सनं, म्हणजे हुंडेवाल्या जावयानं, सनद देऊन ते कर्कवॉलच्या नागरिकांच्या हवाली केलं. तेव्हापासून ते गावकऱ्यांचं. आज देखभाल करतं ऑर्कनीचं कौन्सिल. छताची कौलं, काचा, मनोरा, घड्याळ सारं कौन्सिलच्या अंदाजपत्रकात. प्रार्थना होतात त्या स्कॉटलंडच्या चर्चच्या. साडेआठशे वर्षांहून जुनं मंदिर आणि त्याची डागडुजी स्थानिक स्वराज्य संस्थेकडे, ही कल्पना आपल्याकडे मांडून पाहा म्हणजे किती तऱ्हेचे वाद उभे राहतील ते कळेल! कौन्सिलची कचेरीही जवळच आहे. जुन्या शाळेच्या इमारतीत.

स्कॉटलंडमध्ये अशी ३२ कौन्सिलं आहेत. आपल्याकडे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशी उतरंड असते, तशी तिथे नाही. शाळा, रस्ते, कचरा, वाचनालयं, म्हाताऱ्या माणसांची देखभाल, बांधकामाच्या परवानग्या सारं एकाच कौन्सिलकडे. ऑर्कनीत वर आणखी बंदरं आणि बेटाबेटांमधल्या फेरीबोटी. बाकीच्या स्कॉटलंडला ही एकछत्री पद्धत १९९६ मध्ये मिळाली. ऑर्कनी, शेटलंड आणि पश्चिमेकडची बेटं यांना ती १९७५ पासूनच आहे. बावीस हजार लोकांमागे २१ सदस्य, म्हणजे साधारण हजार माणसांना एक. मुंबईत २२७ नगरसेवक आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात. भागाकार करून पाहा, एका नगरसेवकाच्या वाट्याला जवळपास पंचावन्न हजार माणसं येतात. आणि २०२२ नंतर बराच काळ तर मुंबईला तेवढेही नगरसेवक नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती!

आता खरी गंमत. मे २०२२ च्या निवडणुकीत या २१ पैकी १९ अपक्ष निवडून आले. उरलेले दोन ग्रीन पक्षाचे. लेबर शून्य, कॉन्झर्व्हेटिव्ह शून्य, आणि एडिनबरात सत्तेवर असलेली स्कॉटिश नॅशनल पार्टीही शून्य. लोकांना राजकारण कळत नाही म्हणावं, तर तसंही नाही. लंडनच्या पार्लमेंटसाठी ऑर्कनी-शेटलंडचा मतदारसंघ १९५० पासून सलग लिबरल पक्षाकडेच आहे. आधी जो ग्रिमंड यांनी ३३ वर्षं सांभाळला, पुढे त्याच पक्षाच्या नव्या अवताराकडे राहिला. थोडक्यात, खासदार निवडताना पक्ष आणि कौन्सिलर निवडताना माणूस. आपल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हांविना होतात, पण कोण कुठल्या ‘पॅनेल’चा हे शेंबडं पोरही सांगतं. ऑर्कनीत पॅनेलही नाही. उमेदवार घरोघर पत्रक टाकतो. त्यात मी कुठल्या बेटावरचा, काय करतो, धक्क्याचं काम आणि शाळेचं छप्पर यांबद्दल मला काय वाटतं, एवढंच असतं.

हे चित्र ऐकायला फार गोड. पण मला त्यातली एक बाजू खटकली, ती सांगतो. पक्ष नाही म्हणजे जाहीरनामा नाही. जाहीरनामा नाही म्हणजे पाच वर्षांनी कुणाला जाब विचारायचा? एकवीस जण एकवीस दिशांना. निर्णय चुकला तर ‘मी विरोधात होतो’ म्हणायला प्रत्येकजण मोकळा. ही अडचण तिथल्याही काही जणांना जाणवली होती. ‘ऑर्कनी मॅनिफेस्टो ग्रुप’ नावाचा एक गट समान जाहीरनामा घेऊन उभा राहिला. २०१७ मध्ये त्यांचे दोघे निवडून आले. २०२२ च्या निकालात त्या गटाचं नावही नाही. लोकांना पक्षाचा वास आला की ते नाक मुरडतात!

याहून मोठी चिंता उमेदवार न मिळण्याची. २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या बेटांवर आणि ग्रामीण भागात काही वॉर्डांत जागा जितक्या तितकेच अर्ज आले आणि मतदानाची वेळच आली नाही. आपल्याकडे ‘बिनविरोध’ म्हटलं की गावात गुलाल उधळतात, वर बक्षीस जाहीर होतं. तिथे मात्र त्याला लोकशाहीचा आजार समजतात. कारण बिनविरोध निवडून आलेल्याला लोकांनी निवडलेलंच नसतं, एवढा साधा हिशेब.

मतदानाची पद्धत आपल्याला ओळखीची वाटेल. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार जशी पहिल्या, दुसऱ्या पसंतीची मतं देतात आणि टीव्हीवर रात्रभर ‘कोटा’ ‘कोटा’ चालतं, तीच ही पद्धत. फरक एवढाच की स्कॉटलंडमध्ये २००७ पासून कौन्सिलसाठी ती सामान्य मतदार वापरतो. ऑर्कनीत सहा वॉर्ड, प्रत्येकात तीन किंवा चार जागा. मतपत्रिकेवर नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. समजा एका वॉर्डात तीन जागा आणि १२०० वैध मतं. जागांत एक मिळवून त्यानं १२०० ला भागायचं, आले ३००, त्यात एक मिळवायचा. कोटा झाला ३०१. कुणाला ४०० पहिल्या पसंती मिळाल्या तर जास्तीची ९९ वाया जात नाहीत. ती अपूर्णांकांच्या हिशेबानं पुढच्या पसंतीकडे वळतात. सर्वांत मागे पडलेला बाद होतो आणि त्याचीही मतं वाटली जातात. हा हिशेब आता यंत्रं करतात, मतपत्रिका स्कॅन होतात.

यातून एक शहाणपणाची सवय लागली. दुसऱ्या पसंतीसाठी शेजाऱ्याच्या मतदारांपुढेही हात जोडावे लागतात, म्हणून प्रतिस्पर्ध्याला शिव्या देऊन भागत नाही. एक गमतीचा दोषही आहे. उमेदवारांची नावं आडनावांच्या अकारविल्हे असतात, आणि वरच्या नावांना नकळत अधिक पसंती मिळते, असं स्कॉटलंडभर दिसून आलंय. आडनाव सिंक्लेअर असेल तर थोडं जास्त फिरावं लागणार!

मतदान गुरुवारी, सकाळी सात ते रात्री दहा. यंत्र नाही, बोटाला शाई नाही, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल असते. कौन्सिलच्या निवडणुकीत फोटोचं ओळखपत्रही मागत नाहीत. मतदानाचं वय १६. अकरावीतली मुलगी सकाळी मत देऊन शाळेत जाते! आणि आपल्या वाचकांना ठाऊक नसेल अशी एक गोष्ट: राष्ट्रकुलातला नागरिक तिथे रीतसर राहत असेल तर त्यालाही मत देता येतं. म्हणजे पुण्याहून स्कॉटलंडला शिकायला गेलेला भारतीय पासपोर्टवाला मुलगा तिथल्या कौन्सिलर-निवडणुकीत बिनदिक्कत मत देऊ शकतो. पुण्यातलं मत द्यायचं तर मात्र त्याला विमानानं इकडे यावं लागेल.

सहा वॉर्डांतला सर्वांत अवघड वॉर्ड ‘नॉर्थ आइल्स’. वेस्ट्रे, पापा वेस्ट्रे, सँडे, स्ट्रॉन्से, ईडे, राउझे, शापिन्से, नॉर्थ रोनाल्डसे... एका वॉर्डात एवढी बेटं आणि कौन्सिलर तीन. प्रचाराला निघायचं ते बोटीचं वेळापत्रक खिशात घालून. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यामधली विमानफेरी ही जगातली सर्वांत छोटी नियमित विमानसेवा समजली जाते. अंतर पावणेतीन किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं. वारा पाठीशी असेल तर मिनिटभरातही पोचतात. प्रवासी हौसेनं तिकीट काढतात, प्रमाणपत्र घेतात. पण आठ-नऊ माणसांचं ते विमान हौसेसाठी नाही. त्यातून शिक्षक जातात, डॉक्टर जातात, कामापुरते अधिकारी जातात. त्याचा तोटा सरकारी पैशातून भरून निघतो.

छोट्या बेटांवर प्राथमिक शिक्षण होतं, पुढच्या वर्गांसाठी मुलांना कर्कवॉलला यावं लागतं. लांबच्या बेटांवरची मुलं आठवडाभर वसतिगृहात राहतात आणि शुक्रवारी बोटीनं किंवा विमानानं घरी जातात. हवा बिघडली तर तो शनिवार-रविवार आईविना. हे आईबाप बोट का बंद पडली, म्हणून कुणाला विचारतात? कौन्सिलरला. तो दुकानात भेटतो, चर्चमध्ये भेटतो, त्याचीही मुलं त्याच वसतिगृहात असतात.

या फेरीबोटी हाच ऑर्कनीच्या राजकारणाचा गाभा. कौन्सिलच्या मालकीची कंपनी नऊ बोटी घेऊन तेरा बेटांना जोडते. त्यातल्या कित्येक बोटी १९८०-९० च्या सुमारच्या. नव्या बोटी घ्यायच्या तर खर्च कौन्सिलच्या ऐपतीबाहेरचा. पश्चिमेच्या बेटांकडे जाणाऱ्या बोटी मात्र स्कॉटलंड सरकारच्या जबाबदारीच्या. आमच्या बोटी आमच्या गळ्यात का, हा ऑर्कनीचा वर्षानुवर्षांचा प्रश्न आणि २०२३ च्या त्या ठरावामागचं खरं दुखणं. नॉर्वे ही वर्तमानपत्रांची चैन होती. भांडण जुन्या बोटींचं होतं. मला विचाराल तर ऑर्कनीकर हे भांडण अगदी व्यवहारी डोक्यानं खेळले. नुसत्या बोटींसाठी रडले असते तर कर्कवॉलच्या बाहेर कुणी ऐकलं नसतं.

व्यवहारी डोकं म्हणजे काय ते त्यांनी पूर्वीच दाखवलंय. १९७० च्या दशकात उत्तर समुद्रात तेल सापडलं. स्कापा फ्लो हा बेटांनी वेढलेला खोल समुद्र बड्या जहाजांना आदर्श. १९१९ मध्ये जर्मन आरमारानं इथेच स्वतःची जहाजं बुडवली होती. फ्लॉटा बेटावर तेलाचं ठाणं उभारायची तयारी सुरू झाली. एरवी अशा वेळी स्थानिक लोक हात जोडून उभे राहतात. इथल्या परिषदेनं १९७४ मध्ये पार्लमेंटकडून आपल्यासाठी खास कायदाच करून घेतला, बंदरावरचा ताबा आपल्याकडे ठेवला आणि येणाऱ्या तेलावर मोबदला लावला. तो पैसा खर्चून न टाकता राखीव निधीत टाकला. तेलाचा ओघ पुढे आटला, पण तो निधी आजही कौन्सिलला हात देतो. ज्या जिल्ह्यांतून खनिजं निघतात आणि मागे फक्त खड्डे राहतात, त्यांनी हे प्रकरण वाचावं.

तेल घेतलं म्हणून त्यांनी सगळंच घेतलं असंही नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस स्ट्रॉमनेसच्या आसपास युरेनियम शोधायचा बेत शिजला. शेतकरी, मच्छीमार, शिक्षक सगळे उठले. हॉय बेटावर राहणारे संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांनी १९८० मध्ये त्याच्या निषेधार्थ एक आख्खा कार्यक्रम रचला. त्यातली पियानोची ‘फेअरवेल टू स्ट्रॉमनेस’ ही छोटीशी रचना पुढे इतकी लोकप्रिय झाली की ती वाजवणाऱ्या कित्येकांना तिच्यामागचं युरेनियम माहीतही नसतं. खाण झाली नाही.

याच कौन्सिलच्या दप्तरात एक काळं पानही आहे. २७ फेब्रुवारी १९९१ ची पहाट. समाजकल्याण विभागाचे लोक आणि पोलीस साउथ रोनाल्डसे बेटावर चार घरांत शिरले आणि नऊ मुलांना उचलून विमानानं स्कॉटलंडला घेऊन गेले. मुलांवर सामूहिक अत्याचार होत असल्याचा संशय होता. आईबाप ओरडून सांगत होते की यात काही तथ्य नाही. ४ एप्रिलला न्यायाधीशांनी कारवाईच रद्दबातल ठरवली आणि मुलं घरी परतली. आरोप कधीच सिद्ध झाले नाहीत. न्यायमूर्ती क्लाइड यांच्या चौकशीचा अहवाल १९९२ मध्ये आला, त्यात मुलांना ज्या रीतीनं उचललं आणि हाताळलं त्यावर कडक ताशेरे होते. १९९६ मध्ये कौन्सिलनं त्या कुटुंबांची माफी मागितली, भरपाई दिली. स्कॉटलंडच्या १९९५ च्या बालक कायद्यामागे या प्रकरणाचा मोठा हात होता. बावीस हजारांची वस्ती म्हणजे सगळे एकमेकांना ओळखतात, असं आपण कौतुकानं म्हणतो. पण त्या पहाटे दार ठोठावणारं कार्यालयही ‘आपलंच’ होतं आणि नंतर त्याच कार्यालयात शाळेचे, घराचे अर्ज घेऊन जायचं होतं. छोट्या गावात तोंड फिरवून दुसरीकडे जायची सोय नसते.

नॉर्वेच्या ठरावाचं पुढे काय झालं? लंडननं लगेच सांगितलं की असं काही होऊ शकत नाही. तसं २०१४ च्या सार्वमतात स्वतंत्र स्कॉटलंडला ऑर्कनीनं ६७ टक्क्यांनी ‘नको’ म्हटलं होतं, सबंध स्कॉटलंडमधलं ते सर्वांत ठाम ‘नको’. म्हणजे एडिनबराचं राज्य नको, लंडनवर राग, आणि नॉर्वेची नुसती आठवण. २०२४ मध्ये स्टॉकन पायउतार झाले आणि हीदर वुडब्रिज ही तरुणी नेतेपदी आली. नॉर्थ रोनाल्डसे या उत्तरेच्या शेवटच्या बेटावरची. तिचे डॉक्टर वडील याच वॉर्डाचे कौन्सिलर होते. ते गेल्यावर २०२० मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत ती निवडून आली. वारसा तिकडेही चालतो तर! पण बेटाची वस्ती जेमतेम साठ, म्हणजे एवढ्या मतांवर वॉर्ड जिंकता येत नाही. बाकीच्या बेटांनी पसंती दिली तेव्हाच जमलं.

पुढची निवडणूक मे २०२७ मध्ये. ऑर्कनीला जायचं मनात असेल तर मे-जून हाच उत्तम काळ. पाच हजार वर्षांपूर्वीचं स्कारा ब्रे गाव आणि ब्रॉडगरचं दगडी वर्तुळ पाहाच, पण एक दिवस काढून नॉर्थ रोनाल्डसेला जा. तिथल्या मेंढ्या समुद्रातलं शेवाळ खाऊन जगतात. त्यांनी शेतात शिरू नये म्हणून १८३२ मध्ये बेटाभोवती किनाऱ्यानं दगडी भिंत घातली गेली. कुणाच्या किती मेंढ्या आणि भिंत कुणी सांभाळायची, हे ठरवायला बेटावर ‘शीप कोर्ट’ म्हणजे मेंढ्यांची पंचायत आहे. तिचे सदस्य बेटावरचेच. दर हिवाळ्यात वादळं भिंतीला भगदाडं पाडतात आणि साठ माणसांना ती उभारणं आता झेपत नाही, म्हणून उन्हाळ्यात बाहेरून स्वयंसेवक बोलावतात. सिमेंट वापरायचं नसतं, दगडावर दगड नेमका बसवायचा. शिकवणारी म्हातारी माणसं आहेत, चहा देतात, आणि काम पाहिल्याशिवाय पुढचा दगड हाती देत नाहीत.